कोयंडा नसलेली दोन दारं

चावी हरवली नव्हती, मोठ्या बाई. माझी ताई शाळेत विचारायला आली तेव्हा तुम्ही तिच्या तोंडावर सांगितलंत की मुलींच्या संडासाची चावी सापडत नाही, नवी करायला टाकली आहे. दुसरीतल्या माझ्या भाचीने, चिमीने, ती चावी डोळ्यांनी पाहिली आहे. तपासणीचे साहेब आले त्या दिवशी ती तुमच्या टेबलाच्या वरच्या खणातून निघाली आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी परत खणात गेली. हे आधी लिहून मोकळा होतो, म्हणजे पुढचं नीट अक्षरात येईल.

मी, खाली सही करणार, वय चोवीस, शिक्षण चौथी अर्धवट, काम इमारतींत नळ आणि संडास बसवण्याचं, राहणार घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि हे माझ्याकडून कोणी लिहून घेत नाही. परवापासून आमची टोळी एकतीस मजल्यांच्या इमारतीत, पाइप जातात त्या उभ्या पोकळीत दोरावरून उतरणार आहे. कंपनीने वारसाचं नाव लिहायला एका ओळीची जागा दिली. माझं एका ओळीत भागत नाही.

एक. वडिलांच्या मागे घराचा जो अर्धा भाग माझ्या नावावर आला, तो माझ्या मागे ताईचा. भाऊजींचा नाही. भाऊजी, तुम्ही माणूस वाईट नाही. पण पोरगी तीन आठवड्यांच्या तापातून उठली आणि तुम्ही म्हणालात, "बास झाली शाळा, घरी बसू दे." कुलूप शाळेने लावायचं आणि शिक्षा पोरीला, हा कुठला न्याय? चिमीची शाळा ज्या दिवशी सुटेल, त्या दिवसापासून माझ्या अर्ध्या घरात तुम्ही पाहुणे. पाहुण्याने किती दिवस राहायचं ते ताई ठरवेल.

दोन. माझी हत्यारं, म्हणजे लहानमोठे पाइप-पाने, करवत आणि आटे पाडायचं यंत्र, खोलीतल्या फरशीवाल्याला. त्याने ती विकून खाल्ली तरी चालेल, खाणारच आहे. उतार तपासायची पाणसळ तेवढी मोठ्या बाईंना द्यावी. बाई, तुम्ही तेव्हा आमच्या वर्गाच्या बाई होतात आणि माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतंत, गणितात कच्चा, लक्ष नसते. मीटरला दोन सेंटीमीटर उतार धरून अख्ख्या मजल्याचा हिशेब मी आज तोंडी काढतो. लक्ष कुठे होतं ते सांगतो. ओटीपोटात होतं. दहा मिनिटांची सुट्टी, दीडशे पोरं, एक संडास. माझा नंबर येईपर्यंत घंटा झाली. भागाकाराच्या तासाला मी तीनदा हात वर केला. "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली," तिन्ही वेळा तुमचं हेच. चौथ्यांदा हात वर करायची गरज उरली नाही. पोरं हसली, तुम्हीही तोंड फिरवून हसलात. मी पाहिलं. तेव्हापासून गावभर मी 'गळक्या', आणि तो माझा शाळेतला शेवटचा दिवस.

त्या दिवशी शिपाईमामांनी स्वतःचा पंचा माझ्या कमरेला गुंडाळला आणि कोणी बघू नये म्हणून मला मागच्या गल्लीने घरी नेलं. वाटेत बोलले एवढंच, "मलाही व्हायचं रे असं." खोटं असेल, पण त्यावर मी घरापर्यंत चाललो. माझं घड्याळ आणि नवे बूट त्यांना. आता निवृत्त आहेत, बूट मोठे झाले तर त्यांच्या मुलाने घालावेत.

तीन. गेल्या महिन्यात फोनवर मी चिमीला विचारलं, "बाटली भरलेलीच परत का आणतेस गं?"

"मामा, मी पाणी पीतच नाही. मग लागत नाही."

"दिवसभर?"

"घरी येईपर्यंत. सगळ्याजणी तसंच करतात. दुपारी डोकं दुखतं, तेव्हा बाई म्हणतात, फळ्याकडे बघ."

डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, पाणी न पिता दिवसभर लघवी धरून ठेवल्याने ताप आला. पोरीच्या वहीवर तुमचा शेरा मात्र तोच, लक्ष नसते. चौदा वर्षांत एक शब्द बदलावासा वाटला नाही तुम्हाला.

म्हणून माझी सगळी शिल्लक शाळेतल्या मुलींच्या दोन संडासांसाठी. अटी लिहितो. कडी आतून, सात वर्षांच्या पोरीच्या हाताला येईल अशी. नळ खाली, बादली हलकी. दाराला बाहेरून कोयंडा बसवायचा नाही, म्हणजे कुलूप अडकवायला जागाच राहणार नाही. साफसफाईला रोजची बाई ठेवावी. साहेबांसाठी संडास स्वच्छ ठेवायचा म्हणून पोरांना बाहेर ठेवता, त्यापेक्षा साहेबांनाच बाहेर ठेवा. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. पोराने हात वर केला की जाऊ द्यावं, दुसऱ्यांदा विचारायला लावू नये. पैसे ताईच्या हातात राहतील, शाळेच्या नाही.

चार. माफी माझ्याकडे शिल्लक नाही, म्हणून ती कोणाच्या नावे करत नाही.

स्थळ : कामगारांच्या खोल्या, दुसरा मजला
दिनांक : ९ मार्च, रविवार
सही : नळवाला

साक्षीदार :
१. फरशीवाला, शेजारची खाट (सही)
२. खाणावळीचा आचारी (अंगठा)

सह्या झाल्यावर जोडलेला मजकूर : फरशीवाल्याने सही करताना कागद दोनदा वाचला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे रे. पण तू दोरावरून पडलाच नाहीस तर?"

मी म्हटलं, "मग बरंच की."

"बरं कसलं? तू सत्तर वर्षांचा होऊन मेलास तर तोवर पोरीने धरून बसायचं का?"

आचारी हसला. मला हसू आलं नाही. वरचं तिसरं कलम मी रद्द करतो, अटी तेवढ्या कायम. ताई, मी मरायची वाट बघू नकोस. उद्याच गवंडी बोलाव, दारं उभी राहीपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहा आणि चिमीला बाटली भरून शाळेत पाठव. मोठ्या बाई आडव्या आल्या तर हा कागद फाटकावर चिकटव. सोबत पाठवत आहे, अठ्ठावन्न हजार चारशे.