चाकाखाली लिंबू

बाबा,

तोंडानं बोलले तर भांडण व्हईल, म्हणून लिहून ठिवून राहिले.

दसऱ्याची पूजा तुमी ट्रॅक्टरची करा, मोटारसायकलची करा. पण टेबलावरच्या माझ्या जीपच्या चाकाखाली लिंबू ठिवून वरून दाबून ढकलायचं काहून? प्लास्टिकच्या ठोकळ्यांची हाय ती, लोखंडाची न्हाई! सिनेमातली जीप एकास बारा मापानं बराबर उतरवायला मला चार महिने लागले. तुमच्या एका दाबात चाकं जोडणारा एक्सल तुटला. परवा असल्या मॉडेलांचं प्रदर्शन, अन् जीप लंगडी!

पूजाच करायची होती तर लिंबूबी बारा पट बारीक पाह्यजे होतं. ज्वारीचा दाणा ठिवला असता तरी भागलं असतं.

हिंगोलीत खेळण्याच्या दुकानात एक्सल भेटतो का पाहून येते. भाकरी टोपल्यात हाय. जीपला हात लावू नका.

लावायचाच असंल तर नंबरपाटीवरचं कुंकू तेवढं पुसा. बाकी सगळी जीप सिनेमातल्यासारखी हाय. नंबर मातर गोरेगाव-सेनगाव सवाऱ्या घेऊन चालायची त्या आपल्या विकलेल्या जीपचा हाय. तुमी तो वाचलासुद्धा न्हाई.

प्रतिक्षा