दारावरचे दहा लाख तीन

४ मार्च
चि. धांदरटास, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. शाळेतली माझी गणिताची खुर्ची सुटली, तेव्हा आता कायमचं तुमच्याकडे राहायला यावं म्हणतोस. तुमचं सहा माणसांचं घर. कुणी भाजी निवडायला बसवेल, कुणी पोरांचा अभ्यास गळ्यात मारेल, माझे नुसते तुकडे होतील. म्हणून एकच अट. माझ्या खोलीच्या दारावर १०००००३ रंगव. सात आकड्यांतली ही सर्वांत धाकटी मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाही भाग जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कळू दे. आकडा चुकला तर मी येत नाही.

लोभ आहेच, तो रंगाबरोबर वाळू देऊ नकोस.
तुझी ताई

१३ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.

घात झाला. आम्ही पाट्या रंगवणारे दोन्ही टोकं आधी काढतो आणि मग मधलं भरतो. तसाच डावीकडे एक काढला, उजवीकडे तीन. मध्ये शून्यं चारच मावली! १००००३. तुझी भावजय म्हणाली की शून्यच तर आहे, वन्संना काय कळणार. मी म्हटलं, तिला झोपेतही कळेल. तू आली नाहीस तर सून त्या खोलीत बटाटे ठेवणार आहे. मला ते बघवणार नाही गं.

लोभ असू दे. नसला तर उसना तरी दे.
तुझा भाऊ

१८ मार्च
चि. धांदरटास, अ. उ. आ.

पत्र वाचून आधी भरलेली ट्रंक रिकामी केली. नऊ लाखांची चूक! मग राहवेना. दोन, तीन, पाच करत तीनशे तेरापर्यंतच्या पासष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकीचाही भाग जाईना. अरे, ही तर सहा आकड्यांतली सर्वांत धाकटी मूळ संख्या! बोलाफुलाला गाठ पडली तुझी. ट्रंक पुन्हा भरली आहे. तीस तारखेला येते. दाराला हात लावू नकोस.

तुझी ताई

१९ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.

तुझं उत्तर नाही, म्हणजे तू रागावलीस. म्हणून दार घासून पुन्हा रंगवलं. तुला चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून आकडे चांगले ढब्बू काढले. पण हाताची सवय जाते का? टोकं आधी काढून बसलो. या खेपेला शून्यं तीनच मावली. १०००३. रंगही संपला. काय करू ते कळव.

तुझा भाऊ

२४ मार्च
चि. धांदरटास, अ. उ. आ.

माझं अठराचं पत्र मिळेपर्यंत तुला दम धरवला नाही ना? १०००३ ला सातने सरळ भाग जातो. चौदाशे एकोणतीस वेळा, बाकी शून्य. कपाळाला हात लावला आणि ट्रंक उपसायला घेतली. अर्ध्यावर थांबले. तू, भावजय, मुलगा, सून, दोन नातवंडं. सहा. आणि मी.

आता दाराला ब्रश लावलास तर याद राख. तीसलाच येते. भाजी निवडीन, पण सातवा हिस्साच.

लोभ सातांत सारखा वाटावा, बाकी ठेवू नये.
तुझी ताई