पालकांनी बाहेर थांबायचं

१४ फेब्रुवारी
ऋचाचं सीईटीचं हे दुसरं वर्ष. गेल्या वेळी एकोणऐंशी पर्सेंटाइल. एवढ्यावर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला कुणी दारात उभं करत नाही.
मी एवढंच म्हटलं, "अगं, चार पर्याय समोर असतात, त्यातला एक निवडायचा!"
"मग तू बसून दाखव."
वयाची अट नाही म्हणे. माझी बारावी सायन्सची मार्कशीट शोधून पोरीने फॉर्म भरलासुद्धा! जयराज हळदीच्या सौद्यावरून आले, ऐकून पोट धरून हसले. नवरा असाच हवा!

२ मार्च
आमटी करपली. इंटिग्रेशन सुटलं. आमटीचं दुःख नाही.

९ मार्च
सुलाबाई भांडी घासताना — "वैनी, तुमी नापास झालासा तर वरडायचं कुणी? वरडणाऱ्या तुमीच!"

२३ एप्रिल
ऋचाची परीक्षा काल झाली, माझी आज. फाटकावरचा माणूस — "पालकांनी बाहेर थांबायचं." हॉलतिकीट दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो.
आत दीडशे प्रश्न. दहाव्या मिनिटाला मी अजून तिसऱ्याच प्रश्नावर. घड्याळ नुसतं पळतंय. शेजारचा मुलगा लाह्या फुटाव्यात तसा माऊस वाजवत होता. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून फिजिक्स देवावर सोडलं.
चार पर्यायांचं ते वाक्य पुन्हा घरात काढणार नाही.

१६ जून
ऋचा — एक्क्याण्णव. मी — अठ्ठेचाळीस.
जयराज म्हणाले, "म्हणजे निम्म्या महाराष्ट्राला तू जवळजवळ गाठलंस!"
ऋचा हसली नाही. "कॉम्प्युटरला पंच्याण्णव तरी लागतील," म्हणाली आणि खोलीचं दार लावलं.

१० जुलै
ऋचाने प्रवेशाच्या फॉर्मात तीनच कॉलेजं भरली. तिन्हीकडे कॉम्प्युटर. अजून भर म्हटलं, तर — "नको. कॉम्प्युटरच." हट्ट माझ्यावर गेलाय.
मग तिनेच माझाही फॉर्म भरला. एकच कॉलेज, शिराळ्याच्या रस्त्यावरचं, सिव्हिल. "गंमत गं, आई!"

३१ जुलै
पहिली यादी लागली. ऋचाला काहीच नाही.
मला लागलं!
कुठे तोंड लपवू असं झालं. पोरगी दोन वर्षं राबली, आणि सीट मला? तिने मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फिस्सकन हसली. "आई, तू माझ्या आधी इंजिनिअर!" हसता हसता रडायला लागली. कितीतरी वेळ कुशीत धरून बसले.
जयराज म्हणाले, "झाली गंमत. आता पुरे."
मी 'हो' म्हटलं.

१ ऑगस्ट
'हो' का म्हटलं? बारावीला गणितात ब्याण्णव होते मला. तेव्हाही कुणीतरी 'पुरे' म्हटलं होतं, आणि मी 'हो'च म्हटलं होतं.
जेवताना सांगून टाकलं — जाणार. जयराजांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आणि डबा?"
म्हटलं, "दोन भरा."

३ ऑगस्ट
ऋचाची दुसरी यादी अजून लागायचीय. तरी माझ्यासोबत आली. कॉलेजच्या फाटकावर पुन्हा तेच — "पालकांनी बाहेर थांबायचं!"
ऋचा बाकावर बसली. "जा तू. मी आहे इथे."