आईच्या अंगातली देवी

दादा,

मंगळवारच्या उपासात आईला घाम सुटायचा, ती बरळायची. देवी अंगात आली म्हणून तुम्ही सगळे तिच्या पाया पडायचात. इथं सोलापुरात डॉक्टर म्हणाले, तिच्या पोटातली कलिंगडाएवढी गाठ रक्तातली साखर खाते, उपाशी राहिली की साखर उतरते आणि घाम सुटतो, बरळणं होतं. अशी गाठ क्वचितच असते. उद्या ऑपरेशन चालू असतानाही साखर एकदम घसरू शकते, म्हणून शिरेतून ग्लुकोज देणार. आज मंगळवार असला तरी उपाशी ठेवायचं न्हाय.

तुमचा निरोप आला, "मंगळवार मोडू नकोस."

मी मोडला. माझ्या हातानं गुळाचं पाणी पाजलं. पिऊन आई म्हणाली, "चंदे, गाठ गेल्यावर देवी न्हाय आली, तर मला कोण विचारंल गं?"

"मी हाय की."

उद्या सही मीच करते. पत्र मात्र टाकत न्हाय. ऑपरेशनचं कळलं तर तुम्ही येऊन तिला परत न्याल.

आईपाशी बसलेली,
चंद्रप्रभा