जोडप्यांच्या बेटावर दोन जावा

वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेले नाही. बोटीच्या शिडीवरून उतरताना कंबर धरली, ती अजून सुटायचं नाव घेत नाही. तरी वाकले आहे असं धरून चाला.) तुमचा दमा काय म्हणतो? नातीचे दात आले का? इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कितपत खुशाल ते पुढं कळेलच. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायला लागलं की जाऊबाई अगदी कानाशी येऊन बसतात. आत्ता त्या आत झोपल्या आहेत आणि मी गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. समोर समुद्र आहे. तो चांगला आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार तुमच्याबद्दल आहे, पण ती ओघानं येईल.

पुतण्यानं तिकिटं हातात ठेवली तेव्हाच मी तुम्हाला म्हटलं होतं, की एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून ज्या बायका कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडतात, त्यांना एका खोलीत कोंडून समुद्रापार धाडायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तुम्ही म्हणालात, "अगं जा, तुम्हा दोघींना आता आणखी कोण नेणार आहे?" (या वाक्यानं माणसाला किती उभारी येते!) मी आपली पिशवी भरली. इथं येऊन बघते तर सहल जोडप्यांसाठीची. स्वस्तात मिळाली असणार. खोलीत पलंग एकच, त्यावर फुलांच्या पाकळ्यांचं बदाम, आणि टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. जाऊबाईंनी दारातूनच विचारलं, "टॉवेलांची ही दशा कुणी केली?" आणि दोन्ही हंसांच्या माना धरून त्यांना झटकलं, घडी घातली, कपाटात ठेवून दिलं. मग पाकळ्या केरसुणीनं गोळा करायला निघाल्या. केरसुणी मिळेना तेव्हा खाली फोन करून व्यवस्थापकाला झापलं. तो बिचारा वर आला, आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला. त्या माणसाच्या मनात काय आलं असेल ते मी अजून मनावर घेतलेलं नाही.

इथं करमणुकीची कमी नाही. सकाळी तळाला काच बसवलेल्या होडीतून मासे बघायचे, दुपारी तोंडात नळी धरून तेच मासे जवळून बघायचे, आणि संध्याकाळी जेवणात तेच मासे. (जेवणातले त्यातल्या त्यात शांत असतात.) शिवाय किनाऱ्यावर एक पोपटवाला आहे, तो तुमच्या खांद्यावर पोपट बसवून फोटो काढतो. पोपट माझ्या खांद्यावर बसला आणि त्यानं जे करायचं ते केलं. जाऊबाई इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. आमच्या लोकांना वेळेवर हाकणारा एक माणूस आहे, त्याच्या गळ्यात शिट्टी असते म्हणून आम्ही त्याला शिट्टीवालाच म्हणतो. तो शिट्टी वाजवतो आणि आम्ही सगळी जोडपी (आम्ही दोघी धरून) उठतो, बसतो, चढतो, उतरतो.

पहिल्या संध्याकाळी जेवण झालं. हातानं वाढून घ्यायचं, हवं तितकं. जाऊबाईंनी ताट भरून घेतलं, निवांत जेवल्या, हात धुऊन आल्या आणि पुन्हा ताट भरायला लागल्या. मी म्हटलं, अहो, पोट आहे की पोतं? तर म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी आहे मी, तुला काय त्याचं?" आणि वाढप्याला सांगितलं की ही बाई मला जेवू देत नाही. सगळी जोडपी माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, नेहमीचंच. चारचौघांत माझं नाक कापायची संधी त्यांनी कधी सोडली आहे? मी खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी नळीचं प्रकरण. अंगात फुगवलेलं जॅकेट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. मी कमरेइतक्या पाण्यात गेले आणि पहिल्याच श्वासाला अर्धा समुद्र प्यायले. तिथून पुढं माझा सगळा वेळ एका खडकाला मिठी मारण्यात गेला. पण जाऊबाई! ज्या बाईनं आयुष्यभर बादलीबाहेरचं पाणी पाहिलं नाही, ती पालथी पडून संथ तरंगत होती, जणू माहेरी आली आहे. शिट्टी झाली. सगळे परतले, ह्या नाहीत. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. शेवटी पाण्यात नेणाऱ्या माणसानं जाऊन त्यांना ओढत आणलं. काठावर त्यांनी तोंडातली नळी काढली आणि त्याला म्हणाल्या, "ह्यांना सांगा, मी इथंच आहे. शोधत असतील." मी जाम चिडले. भाऊजी गेल्याचं माहीत असून परक्या माणसासमोर नवऱ्याचं नाव काढायचं, म्हणजे जो तो हळहळेल आणि कॉफी आणून देईल. (आणून दिलीच. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि माझ्या पोटात त्याआधीच भरपूर गेलं होतं.)

वन्सं, मी इतकी वर्षं त्या बाईशी भांडले आहे, की तिचं काहीही बिनसलं तरी मला ते माझ्याविरुद्धच वाटतं.

काल आम्हाला शेजारच्या छोट्या बेटावर नेलं. तिथं काही नाही. वाळू आहे, छत्र्या आहेत, झाडांना बांधलेले झोपाळे आहेत, आणि "निवांत व्हा" असा हुकूम आहे. मी झोपाळ्यात बसले, तो उलटला. सावरून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी. शिट्टी झाली. सगळे बोटीत बसले. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत किनाऱ्यानं निघाले. छत्र्या संपल्या, झाडं संपली, त्या दिसेनात. मग मी पाण्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. पाण्यावर एक पिवळी टोपी हेलकावत होती. जाऊबाईंची टोपी पिवळी. मी कपड्यांसकट आत शिरले. छातीपर्यंत. आदल्या दिवशी ज्या पाण्याला भिऊन खडक धरला होता, त्याच पाण्यात. टोपी हातात आली. ती कुणा लहान मुलीची होती, आतून तिचं नाव शिवलेलं होतं.

तशीच ओलीचिंब पुढं गेले. टेकाडाच्या पलीकडे दुसऱ्या कुठल्या तरी सहलीचा मांडव होता. त्यात जाऊबाई बसल्या होत्या, एका नव्या नवरीचा हात हातात घेऊन, सासरी कसं वागावं ते समजावत. मी म्हटलं, "चला, बोट सुटतेय."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आपण कोण?"

वन्सं, त्या मला 'आपण' म्हणाल्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला त्या घरात कुणी 'आपण' म्हटलेलं नाही, आणि त्यांनी तर 'अगं'च्या पुढं कधी नावसुद्धा खर्च केलं नाही. मी म्हटलं, "नाटकं पुरेत." त्या घाबरल्या. खरंच घाबरल्या. नवरीच्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाईंना मी ओळखत नाही. माझ्या धाकट्या जावेला बोलवा. ती तोंडाची फटकळ आहे, पण मला टाकून जायची नाही."

मी हातातली टोपी पिळली. कपड्यांतून पाणी गळत होतं. मग म्हटलं, "तिनंच पाठवलंय मला. बोटीवर वाट बघतेय." त्या लगेच उठल्या आणि माझ्या हातात हात दिला.

बोटीत बसल्यावर विचारलं, "कुठाय ती?" मी म्हटलं, पुढं बसली आहे, येईल. "पुढंच बसणार. सगळीकडे पुढं पुढं करायची सवय," असं म्हणून त्यांनी जी सुरुवात केली, ती धक्का येईपर्यंत. माझी जाऊ चहा पाणचट करते. माझी जाऊ दोरीची जास्त बाजू घेते. माझ्या जावेला कपडे पिळता येत नाहीत. तिचा नवरा गेला तेव्हा मी रोज ताट नेऊन द्यायची तर म्हणायची, मीठ कमी आहे. (कमी होतंच.) मी "हो का?", "अरे वा!", "कमाल आहे बाईची!" असं म्हणत बसले होते. मग लाटांकडे तोंड करून म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या वेळी मी अंथरुणातून उठू शकत नव्हते, तेव्हा ती नवीन नवरी होती. रोज येऊन माझे केस विंचरायची. इतक्या हलक्या हातानं कुणी विंचरले नाहीत, माझ्या आईनंसुद्धा. हे तिला सांगू नका हं, डोक्यावर चढून बसेल."

मी म्हटलं, नाही सांगत.

उभ्या जन्मात त्या बाईनं माझं एकदा चांगलं बोलायचं ठरवलं, आणि मला ते परकी होऊन ऐकावं लागलं. बोट धक्क्याला लागता लागता त्या वळल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, केस बघ तुझे. भूत दिसतेस!" वन्सं, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

खोलीवर येऊन पुतण्याला फोन लावला. मी काही सांगायच्या आतच तो म्हणाला, "काकू, आई हरवली का?" म्हणजे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलंय, हे वाढतच जाणार. त्याची बदली झाली आहे, लांब. तिकडं दोघंही कामावर जाणार, मागं बघायला कोणी नाही. म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत चौकशी केली आहे, पण त्याआधी म्हटलं, काकूला जमतंय का बघू. आणि पुढं म्हणाला, "आत्या म्हणाली, आधी सांगू नकोस, ऐकून काकू नाहीच म्हणेल. चार दिवस एका खोलीत राहू दे दोघींना."

तर ही सहल नव्हती, परीक्षा होती. आणि प्रश्नपत्रिका तुम्ही काढली होती. हंस, पोपट, नळी, सगळं तुमच्या डोक्यातून निघालेलं! तुमच्या वयाचा मान ठेवते म्हणून जास्त लिहीत नाही. पण मी पुतण्याला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं आहे. माझी कंबर गेली आहे, रक्तदाब आहे, झोप लागत नाही. मी त्यांची जाऊ आहे, नर्स नाही. तिथं त्यांची नीट काळजी घेतील. मी मधून मधून भेटायला जाईन. विषय संपला. पुन्हा यावर मला फोन करू नये.

प्रकृतीला जपा, रात्री दही खाऊ नका.

तुमची (अजून तरी)
धाकटी भावजय

ता. क. – बेटावरची टपालाची खिडकी वाऱ्यामुळे बंद होती, म्हणून हे पत्र पिशवीतच राहिलं आणि आता घरून टाकते आहे. वर लिहिलेलं खोडत बसले नाही, कागद वाया कशाला घालवा. पण शेवटचा परिच्छेद वाचून पुतण्याला फोन करायची घाई करू नका. जाऊबाईंचा पलंग माझ्या मधल्या खोलीत आला आहे. दारातून जाईना म्हणून सुताराला बोलावून पाय सोडवावे लागले. हे तात्पुरतं आहे.

ता. क. दुसरा – तात्पुरतं नाही. संस्था बघायला गेले होते. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. एका ओळीत सगळ्या बायका बसवल्या होत्या आणि सगळ्यांचे केस अगदी बारीक कापलेले होते, सोयीसाठी. मी आल्या पावली परतले. आता रोज सकाळी त्या चहा पिऊन मला सांगतात की शेजारी माझी जाऊ राहते, तिचा चहा याहून पाणचट असतो.

ता. क. तिसरा – आता ज्यासाठी हे पत्र टाकते आहे ते. त्या दिवसभर भाऊजींना शोधतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, की भाऊजी गेले. त्यांनी ते जसं काही पहिल्यांदाच ऐकलं. भिंत धरून खाली बसल्या. दुपारी विसरल्या, पुन्हा विचारलं. मी मूर्ख, मी पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच. एकच माणूस एका दिवसात किती वेळा मरणार? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ते वन्संकडे गेलेत. त्या लगेच शांत झाल्या. म्हणाल्या, "बहिणीकडे गेले की ह्यांचा पाय निघत नाही." तेव्हापासून भाऊजी तुमच्याकडे आहेत. आता त्या तुम्हाला फोन लाव म्हणून मागं लागल्या आहेत आणि उद्या-परवा मला लावून द्यावा लागेल. तुमचा सख्खा भाऊ. मी काय मागते आहे ते मला कळतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हेही ठाऊक आहे. (बेटाच्या बाबतीत आलं होतं.) दादा आत्ताच फिरायला बाहेर पडले, म्हणा. त्या विचारतील, जेवले का? हो म्हणा. पोटभर जेवले म्हणा. आणि वन्सं, काय रडायचं ते फोन ठेवल्यावर रडा, आधी नको.