नळीचं दुसरं टोक

तुर्भे, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९८३

वाईच्या शाळेला होकाराचं पत्र उद्या टाकायलाच हवं. संस्कृतचा शिक्षक, तोही पन्नाशीच्या तोंडावर! काव्यतीर्थ होऊन काचेची नळी फिरवणारा या सगळ्या कारखान्यांत मी एकटाच असेन.

आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेसाठी वाफ थंड करायचं मोठं काचेचं कंडेन्सर करताना दादा ज्योतीवर काच फुंकतो आणि नळीचं दुसरं टोक मी धरतो. दोघांचे हात एकाच गतीने फिरले नाहीत तर काच पिळवटते. दादाची गती घरात फक्त मला ठाऊक, म्हणून अठरा वर्षं मी त्या टोकाला. सुटायचं तर बदली माणूस हवा. मग महिनाभर भोळा चेहरा करून, "शिकून ठेवा, बरं असतं," म्हणत वहिनींना तयार केलं.

आज काचकाम शिकायला आलेले कॉलेजांचे चार लॅब असिस्टंट बघत होते आणि दुसरं टोक वहिनींनी धरलं. काच सरळ! दादा म्हणाला, "अरे, ही तर तुझ्यापेक्षा बरी!" मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

सगळे गेल्यावर वहिनी हात पुसत म्हणाल्या, "भावोजी, वाईचं पत्र पाहिलंय मी. जा खुशाल. फक्त आता माझ्या जागी मी कोणाला तयार करू, तेवढं सांगून जा."

हसत म्हणाल्या. मला काही हसता येईना. दादाने ते टोक हातात दिलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, हा राग मी अठरा वर्षं जपलाय. मी तरी वहिनींना कुठे विचारलं?