हिरीकडं जाणं बंद

१० नोव्हेंबर, सकाळ
चार दिवस झाले, झोप नाही. गुड्डी रडते म्हणून नाही. थे बिचारी गुमान झोपते. मलेच भेव लागते. माहा डोळा लागला, आन मीच उठून तिले हिरीत टाकून देल्लं तं? असं मनात येते. दोन महिन्याची पोर. माही पयली. जीव हाये माहा. तरी येते.
थकव्यानं होत असंल. टेन्शन घ्याचं नाही. आजपासून हिरीकडं जाणंच बंद. प्रॉब्लेम खतम.

११ नोव्हेंबर
पाणी सासूबाईनं आणलं. पाण्याच्या दोन गुंडात कंबर धरली. म्हणे, महाराणीले हिरीचं काय वावडं झालं? म्या म्हटलं, हिर मले डोळा मारते. थे हासत सुटली. सांगाचं खरं होतं, तोंडातून निंगालं हे. उद्या गुड्डीच्या बाबाले सांगतो. सीरियसली.

१२ नोव्हेंबर, दुपार
हे मागावर साडी विणून राहिले होते. मी बाजूले सुताच्या कांड्या भरत होती, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याले. म्हटलं, अवो, मले पोरीजवळ एकटी ठेवू नोका. मले माहंच भेव वाटते. यायनं मागाचा धोटा थांबवला. वाटलं, आता आयकते. म्हणे, मले तं लगन झाल्यापासूनच तुहं भेव वाटते.
मी हासली. काहून हासली, काय माईत. माणूस चांगला हाये माहा. टाइम चुकला, बस. कामात सांगाचं नाही.

१४ नोव्हेंबर
आज एकदम ओके. विळी तेवढी माळ्यावर टाकली. वांगे हातानंच तोडले. सासूबाई म्हणे, उंदरानं कुरतडले का वो?

१६ नोव्हेंबर
गुड्डीचं बारसं राह्यलं होतं, आज झालं. लगनात माह्या उखाण्यानं मांडव हासला होता. तवापासून कुठंबी कार्यक्रम असो, बाया मलेच उभं करते. ठरवलं, उखाण्यातच खरं सांगतो. उखाणा तरी आयकतीन.
हिरीत पाहतो तं पाणी दिसते खोल,
कमलेशराव, पोरीले धरा, माहा जाऊन राहिला तोल.
शेजारची पुष्पाबाई म्हणे, तोल दोघांचाई गेला, तवाच तं पोरगी झाली! बाया लोळल्या. यायनं बाहेरून शिट्टी मारली. म्हणे, वन्स मोर.
म्या घेतला. डबल.

१७ नोव्हेंबर, सकाळचे दहा
सासूबाई वावरात, हे सूत आणाले पवनीले. गुड्डीले आंघोळ घालता घालता भरल्या बादलीकडं नजर गेली, आन मनात थेच आलं. तशीच ओली गुंडाळली, पुष्पाबाईच्या मांडीवर देल्ली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नोको. थे म्हणे, नाही देत जाय, विकून खाईन. हासत होती. पण पोर तिच्याजवळ हाये.
घरी येऊन माहेरी, नाकाडोंगरीले, फोन लावला. अंकुरदादाले, माह्या मोठ्या भावाले. त्याले मस्करी समजत नाही. कोणी म्हटलं छत पडून राहिलं, तं थो आंगणात पळते. म्हणून त्यालेच लावला. म्हणे, कशी हायेस? म्या म्हटलं, एकदम मस्त, भाची तुह्यापेक्षा शहाणी निंगाली. आन हासली. त्याले खरंच वाटलं. त्यानं फोन ठेवला.
माह्या तोंडाचा आता भरोसा नाही. लिवतो तेवढंच खरं निंगते. वही उंबरठ्याबाहेर ठेवून आतून कडी लावतो, पोरीकडं पाय वळू नये म्हणून.
जो कोणी वाचंल, हासू नोका. अंकुरदादाले फोन करा. नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर हाये. म्हणा, आत्ताच्या आत्ता ये. फोन माह्या हाती देऊ नोका. तुमीच बोला.